लीड्सचा मिरासदार

कळवणच्या बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याचा लिलाव ज्याने एकदा तरी उभे राहून पाहिला आहे, त्याच्या मनातून ते दृश्य सहसा जात नाही. ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या असतात, ट्रॉलीतला माल वरून हाताने उकरून पाहिला जातो, बोली चढते, मध्येच थबकते, पुन्हा चढते; आणि ज्याने चार महिने राबून तो कांदा पिकवला तो शेतकरी आपल्याच मालाच्या शेजारी, या व्यवहारात आपला शब्द चालणार नाही हे पुरते ठाऊक असलेल्या माणसाच्या मुद्रेने, मुकाट उभा असतो. हे दृश्य लहानपणापासून पाहत आलेल्या मला, इंग्लंडातील लीड्स या शहराच्या फुटबॉलचा पूर्ववृत्तांत वाचताना, १७ ऑक्टोबर १९१९ या तारखेपाशी थांबावे लागले. त्या दिवशी तेथील मेट्रोपोल हॉटेलात एका लिलावासाठी निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी जमले होते. मांडलेला माल म्हणजे गोलाचे खांब, चेंडू, पोशाख असले किरकोळ सामान होते, आणि त्याच्या बरोबरीने जिवंत माणसेही होती.

झाले होते ते असे. लीड्स सिटी या नावाच्या क्लबाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, मनाई असतानाही, खेळाडूंना चोरून पैसे दिल्याचा आरोप आला. चौकशीसाठी हिशोबाच्या वह्या रुजू करा असा हुकूम सुटला, आणि क्लबाच्या चालकांनी दफ्तर दाखवण्याचे साफ नाकारले. हंगामाचे आठ सामने झालेले असताना क्लब लीगमधून काढून टाकण्यात आला, त्याची मालमत्ता विकायला निघाली, आणि त्या मालमत्तेत खेळाडूंचे करारही असल्यामुळे खेळाडूंवरही बोली लागली. सोळा माणसे मिळून ९,२५० पौंडांना गेली. त्याच दिवशी संध्याकाळी शहरातल्या सेलम सभागृहात नागरिक जमले आणि त्यांनी नवा क्लब स्थापन केला. तो लीड्स युनायटेड. ज्या क्लबाचा जन्मच असा लिलावाच्या सांजवेळी झाला, त्याच क्लबात पुढे एक बचावपटू आला, पंधराव्या वर्षी आला आणि अडतिसाव्या वर्षापर्यंत राहिला, ७७३ सामने खेळला, आणि त्याच्याहून अधिक सामने त्या क्लबासाठी आजवर कोणीही खेळलेले नाही. त्याचे नाव जॅक चार्लटन. तो इतकी वर्षे एका जागी का राहिला, कायद्याने जखडला म्हणून की जीव जडला म्हणून, हा प्रश्न मला बरेच दिवस सोडत नव्हता. आणि त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच मुलखातल्या जुन्या जमीनव्यवहारातले दोन शब्द उपयोगी पडले.

ते शब्द म्हणजे मिरासदार आणि उपरी. पेशवाईअखेर आपल्या गावगाड्यात शेत कसणाऱ्यांचे हे दोन वर्ग होते, आणि एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यातही त्यांची चर्चा आलेली आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो ठरलेला सारा भरत आहे तोवर त्याला तिच्यावरून उठवण्याचा अधिकार कोणाला नाही. इतकेच नव्हे, तर दुष्काळाने किंवा धामधुमीने तो परागंदा झाला आणि वर्षांनी परतला, तरी आपली मिरास तो पुन्हा मागू शकत असे. उपरी हा कौलाने कसणारा. त्याची मुदत संपली की जमिनीवरचा त्याचा हक्क संपला. मात्र त्याच्या पायांत बेडीही नव्हती, आणि दुसऱ्या गावच्या पाटलाने बरा कौल दिला तर बैल जुंपून तो निघून जाई. एकाला हक्क होता आणि म्हणून तो बांधलेला होता. दुसऱ्याला हक्क नव्हता आणि म्हणून तो मोकळा होता. या हिशोबात एक प्रकारचा न्याय आहे.

इंग्लंडातल्या फुटबॉलने जो शिरस्ता पाडला त्यात मात्र हा न्याय नव्हता. तेथे पैसे घेऊन खेळण्याला १८८५ साली मान्यता मिळाली, १८८८ साली बारा क्लबांनी मिळून लीग सुरू केली, आणि श्रीमंत क्लबांनी गरीब क्लबांचे खेळाडू पळवू नयेत या हेतूने १८९३ च्या सुमारास असा नियम झाला की खेळाडूची नोंद ज्या क्लबाकडे आहे त्या क्लबाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येऊ नये. करार साधारणतः एका हंगामापुरता असे. हंगाम संपला की क्लब त्याला ठेवून घेई, विकायला काढी किंवा सोडून देई. त्याला ठेवून घेतले पण पगाराबद्दल एकमत झाले नाही, तर क्लबाने पगार बंद करावा आणि तरीही त्याची नोंद आपल्या दफ्तरात अडकवून ठेवावी, हेही नियमाला धरूनच होते. त्यावर कळस म्हणजे १९०१ पासून मुशाहिऱ्यालाही कमाल मर्यादा आली. सुरुवातीला ती आठवड्याला ४ पौंड होती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली ती १२ पौंडांवर आली आणि १९५८ साली हंगामात २० व उन्हाळ्याच्या सुट्टीत १७ पौंडांवर. पन्नास-साठ हजार माणसे तिकीट काढून ज्याचा खेळ पाहायला येत, त्याच्या घरी कुशल कारागिराच्या मजुरीहून थोडाच अधिक पैसा जाई. मिरासदाराने गाव सोडू नये हे बंधन त्या खेळाडूच्या माथी होते, पण मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क त्याला नव्हता. उपऱ्याची अनिश्चितता त्याच्या वाट्याला होती, पण उपऱ्याचे मोकळेपण नव्हते. दोन्ही वर्गांतले जे कष्टाचे तेवढे एकत्र करून ही रयत घडवलेली होती, असे मी म्हणतो, आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

या रयतेत जॅक चार्लटन जन्मानेच दाखल झाला असे म्हटले तरी चालेल. त्याचा जन्म ८ मे १९३५ चा, इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नॉर्थम्बरलँड परगण्यातल्या अॅशिंग्टन या गावचा. गाव कोळशाच्या खाणीवर उभे राहिलेले. जगातले सर्वांत मोठे कोळसाखेडे म्हणून ते ओळखले जाई. बाप बॉब खाणीत कामाला होता. आई सिसी ही मिलबर्न घराण्यातली, आणि या घराण्यात फुटबॉल हा धंदा आपल्याकडे एखाद्या घरात कुलकर्ण किंवा जोसपण चालावे तसा चालत आलेला होता. तिचे जॅक, जॉर्ज, जिम आणि स्टॅन हे चारही भाऊ पगारी खेळाडू, आणि नवल असे की चौघेही बचावाच्या फळीत खेळणारे. त्यांतले पहिले तिघे तर लीड्स युनायटेडकडेच. न्यूकॅसलचा विख्यात आघाडीपटू जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. ती स्वतः मुलांना घेऊन मैदानावर जाई आणि त्यांना खेळवी, ही गोष्ट त्या भागात सर्वश्रुत आहे. तिचा धाकटा मुलगा बॉबी हा लहानपणापासून असामान्य गुणांचा निघाला आणि मँचेस्टर युनायटेडने त्याला उचलले. थोरला जॅक अंगाने उंच, मानेने लांब, चालीने ओबडधोबड. त्याचे मन ओढ्याकाठी मासे धरण्यात आणि रानात ससे शोधण्यात अधिक रमे. पंधराव्या वर्षी तो खाणीत उतरला, आणि खाली काय आहे हे पाहिल्यावर त्याने ते काम सोडले. पोलिसात भरती होण्यासाठी त्याने अर्ज केला होता. तेवढ्यात मामाच्या क्लबाकडून परीक्षेसाठी बोलावणे आले. पोलिसांची मुलाखत आणि ही परीक्षा एकाच वेळी आल्या, आणि त्याने परीक्षा पसंत केली. १९५० साली तो लीड्सच्या मैदानावर उमेदवार म्हणून दाखल झाला. मोठ्या खेळाडूंचे बूट साफ करणे, हिरवळीतले तण उपटणे, प्रेक्षकांच्या पायऱ्या झाडणे, हे त्याचे पहिले काम.

येथे थोडे थांबून या धंद्यातल्या त्याच्या विशिष्ट जागेविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या भागात फुटबॉलपेक्षा कबड्डी अधिक रुजलेली आहे आणि ही जागा कबड्डीच्या साहाय्याने चटकन समजते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे नाव गावभर होते. पण कोपरा सांभाळणारा जो गडी असतो, जो शेवटपर्यंत हालचाल न करता चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर नजर ठेवून उभा राहतो आणि योग्य क्षणी पकड घालतो, त्याच्यावाचून संघ उभा राहत नाही, हे जाणत्यांना ठाऊक असते. कोपरा घाईला आला की संघ गेला. फुटबॉलच्या बचावाचेही तसेच आहे. त्यातून सेंटर हाफ या जागेचा इतिहास थोडा निराळा आहे. जुन्या काळी हा खेळाडू मैदानाच्या मध्यावर राहून पुढे-मागे दोन्हीकडे वावरत असे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीच्या माणसापुढे पूर्वी प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते ते दोनवर आले, आणि आक्रमणाला एकाएकी वाट मोकळी झाली. त्यावर उपाय म्हणून आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मधल्या माणसाला मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. हाच चॅपमन पूर्वी त्या बुडालेल्या लीड्स सिटीचा व्यवस्थापक होता, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. त्यानंतर सेंटर हाफ हा नावापुरता मधला राहिला. प्रत्यक्षात तो वेशीवरचा रखवालदार झाला. उंचावरून येणारा चेंडू डोक्याने परतवणे, समोरच्या आघाडीपटूला गोलाकडे तोंड वळवू न देणे, आणि आपल्या फळीला ओरडून सावध ठेवणे, हे त्याचे कर्तव्य ठरले. जॅकची लांब मान आणि सहा फुटांहून अधिक उंची या कामासाठीच जणू घडवलेली होती.

लीड्सकडून तो पहिला सामना खेळला तो २५ एप्रिल १९५३ रोजी, डॉन्कास्टर रोव्हर्सविरुद्ध. लगेच दोन वर्षांची सक्तीची लष्करी चाकरी आली; ती त्याने रॉयल हॉर्स गार्ड्स या घोडदळ पलटणीत पुरी केली. परत आला तेव्हा संघात जॉन चार्ल्स हा वेल्सचा अद्वितीय खेळाडू होता, आणि त्याच्या बळावर १९५६ साली लीड्स पहिल्या विभागात चढले. १९५७ मध्ये चार्ल्सला इटलीच्या युव्हेंटसने ६५,००० पौंडांना नेले. त्या रकमेने क्लबाची तिजोरी भरली, संघ मात्र खिळखिळा झाला, आणि १९६० साली लीड्स पुन्हा दुसऱ्या विभागात घसरले. या वर्षांतला जॅक चार्लटन हा काही अनुकरणीय पुरुष नव्हता. तो हुज्जती होता, सरावात चालढकल करी, आणि जेथे उभे राहायचे ती जागा सोडून चेंडू घेऊन पुढे धावत सुटे. संघातला वडीलधारा खेळाडू डॉन रेव्ही याने एकदा त्याला तोंडावर सांगितले की मी व्यवस्थापक असतो तर तुला संघात घेतले नसते. हे पुढे चार्लटननेच सांगितले आहे. मार्च १९६१ मध्ये तोच रेव्ही खरोखर व्यवस्थापक झाला.

पुढची दीड वर्षे मला या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची वाटतात, जरी त्यांत ढाल किंवा करंडक काही नाही. क्लब तिसऱ्या विभागात घसरण्याच्या काठावर होता. १९६१-६२ च्या हंगामात अखेरच्या दिवशी न्यूकॅसलला जाऊन ३-० असा विजय मिळवला तेव्हा कुठे ते संकट टळले. त्याच हंगामात चार्लटनला काही सामन्यांत आघाडीला खेळवून पाहिले गेले. त्याचे नेमके काय करावे हे कोणालाच उमगत नव्हते. त्याचे वय सत्तावीस, बारा वर्षे चाकरी झालेली, आणि नावावर काही नाही. लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड या दोन्ही क्लबांनी त्याच्याविषयी चौकशी केली, दराची बोलणी झाली, आणि व्यवहार फिसकटला. आणि याच सुमारास त्या देशातल्या सगळ्या फुटबॉलपटूंच्या पायातली बेडी सैल होत होती. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल याच्या नेतृत्वाखाली संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल मुशाहिऱ्याची मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. न्यूकॅसल क्लबाने सोडण्यास नकार दिलेला जॉर्ज ईस्टहॅम हा खेळाडू न्यायालयात गेला, आणि जुलै १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की खेळाडूला अशा रीतीने अडकवून ठेवणे हे उपजीविकेच्या मार्गात गैरवाजवी अडथळा आणणे होय. सत्तर वर्षांच्या शिरस्त्याला त्या निकालाने भगदाड पडले.

म्हणजे ज्या वेळी जखडून ठेवणारा नियम ढिला पडत होता, नेमक्या त्याच वेळी चार्लटनने लीड्सशी नवा करार केला आणि तेथेच राहण्याचे ठरवले. त्याआधीच्या बारा वर्षांना मी निष्ठा म्हणणार नाही. ती वहिवाट होती. त्यापुढची अकरा वर्षे मात्र त्याने स्वतः निवडलेली होती. माझ्या समजुतीप्रमाणे तो मिरासदार झाला तो येथे.

रेव्हीने त्या जागेला शिस्त दिली. स्पेनमधल्या रिअल माद्रिदप्रमाणे संघाला नखशिखांत पांढरा पोशाख दिला, बॉबी कॉलिन्स हा ठेंगणा पण करारी खेळाडू आणून संघाचा कणा ताठ केला, आणि चार्लटनभोवती पॉल रीनी, नॉर्मन हंटर अशी तरुण पोरे उभी करून बचावाची नवी फळी रचली. चार्लटन लिलेशॉल येथे भरणाऱ्या प्रशिक्षकांच्या वर्गांना आधीपासून जात असे. चेंडूच्या मागे धावणे थांबवून आपल्या हद्दीचे राखण करावे, हे त्याला बुद्धीने पटलेले होते. आता ते अंगवळणी पडले. पूर्वी फळी फोडून पुढे पळणारा तो माणूस आता मागे उभा राहून साऱ्या फळीला हाकारू लागला. १९६३-६४ साली लीड्सने दुसरा विभाग जिंकला. पुढच्याच वर्षी पहिल्या विभागात मँचेस्टर युनायटेडइतकेच ६१ गुण मिळवून ते केवळ गोलांच्या सरासरीने दुसरे आले, आणि एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलकडून जादा वेळेत हरले. प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात, गोलरेषेवर जाऊन उभे राहायचे आणि कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याच्या हाती लागू द्यायचा नाही, ही त्याची युक्ती याच काळातली. तिने पुष्कळ गोलरक्षकांची झोप उडवली. बचावपटू असूनही त्याच्या नावावर लीड्ससाठी ९६ गोल आहेत, त्यात या उंच मानेचा वाटा मोठा.

१० एप्रिल १९६५ रोजी, तिसावे वर्ष पुरे व्हायला महिनाही उरला नसताना, तो इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला. या वयात बचावपटू निवृत्तीचा विचार करतो. राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक आल्फ रॅमसे याला त्याने विचारले की माझी निवड कशी काय झाली, तेव्हा रॅमसेने त्याला जे समजावले त्याचा आशय असा होता की माझ्या डोळ्यांपुढे एक घडी आहे आणि त्या घडीत बसणारी माणसे मी निवडतो. ती प्रत्येक वेळी सर्वांत उत्तम असतीलच असे नाही. दुसरा कोणी या उत्तराने खट्टू झाला असता. चार्लटन पुढे आयुष्यभर ते अभिमानाने सांगत राहिला, कारण आपला उपयोग कशासाठी आहे हे ज्याला कळले आहे त्याला अशा उत्तराचा अपमान वाटत नाही.

१९६६ च्या विश्वचषकात तो आणि धाकटा बॉबी एकाच संघात होते. २६ जुलैच्या उपांत्य सामन्यात बॉबीने पोर्तुगालवर दोन गोल केले. शेवटी शेवटी जॅकने गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला, त्याबद्दल पेनल्टी मिळाली आणि युसेबिओने ती साधली. त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला तो पहिला गोल. त्या संध्याकाळी त्यांचा बाप खाणीत पाळीवर होता. दोन्ही मुले देशाकडून खेळत असताना त्याने कामावरची हजेरी चुकवली नाही, आणि मुलाचे दोन्ही गोल त्याने पाहिले नाहीत. मला या कुटुंबाच्या इतिहासातली ही घटना विश्वचषकाइतकीच मोलाची वाटते. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात इंग्लंड २-१ असे पुढे असताना शेवटच्या मिनिटाला चार्लटनने चूक केली असे पंचांनी ठरवले, त्या फ्री किकवरून पश्चिम जर्मनीने बरोबरी साधली, आणि सामना जादा वेळेत गेला. बचावपटूच्या धंद्यातली ही क्रूरता आहे: त्याची शंभर बिनचूक कामे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत आणि एक चूक सगळ्यांच्या ध्यानात राहते. इंग्लंड ४-२ असे जिंकले. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याने तोंड हातांत झाकून घेतले. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरवले. त्याच्या आदल्या वर्षी तो मान बॉबीला मिळाला होता.

त्यानंतरचे यश थोडक्यात सांगता येईल. १९६८ मध्ये लीग चषक आणि युरोपातला फेअर्स चषक, १९७१ मध्ये फेअर्स चषक पुन्हा. १९६८-६९ साली लीग विजेतेपद, ते ६७ गुणांनिशी, जो तेव्हाचा विक्रम होता. ४२ सामन्यांत लीड्स फक्त दोनदा हरले आणि त्यांच्यावर फक्त २६ गोल झाले. बचावाच्या दृष्टीने हे २६ गोल हाच त्या विजयाचा खरा ताळेबंद. ६ मे १९७२ रोजी आर्सेनलला १-० असे हरवून एफ. ए. चषक मिळाला, तेव्हा चार्लटनचा सदतिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. रेव्हीच्या लीड्सला त्या देशात सर्वत्र प्रेम मिळाले नाही. त्यांचा खेळ निष्ठुर आहे अशी तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. १९७० साली चार्लटन दूरचित्रवाणीवर बोलून गेला की संधी मिळताच ज्यांना ठोकर द्यायची अशा एक-दोन खेळाडूंची नावे माझ्या टिपणवहीत आहेत. त्यावरून मोठे वादळ उठले, चौकशी झाली, आणि तीत तो दोषी ठरला नाही. तरीही ते बोलणे त्याला शोभणारे नव्हते, असे मला मनापासून वाटते. वेशीचे राखण करणाऱ्याने दंड हाती धरावा. सूड मनात धरू नये.

एका क्लबात आयुष्य घालवणाऱ्या बचावपटूची परंपरा आपल्याकडेही आहे, आणि ती आठवल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. फुटबॉल आपल्या इलाख्यात आला तो गोऱ्या पलटणींबरोबर; मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे पहिले विजेते वूस्टरशायर रेजिमेंटचे शिपाई होते. कोल्हापुरात हा खेळ तालमींनी उचलला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची, आणि तीच फुटबॉल संघांची झाली, त्यामुळे तेथे संघाशी असलेले नाते पेठेशी असलेल्या नात्याहून वेगळे काढता येत नाही. बंगालचा शैलेन मन्ना हा बचावपटू १९४२ पासून १९६० पर्यंत मोहन बागानकडेच राहिला. त्याने १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी पायांनी खेळून तेथल्या प्रेक्षकांना थक्क केले, आणि १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. तो भूगर्भशास्त्र खात्यात नोकरी करून पोट भरी आणि क्लबाकडून खेळाचा पैसा घेत नसे. त्याला कोणत्या नियमाने बांधले नव्हते. चार्लटनला अर्धे आयुष्य नियमाने बांधले आणि अर्धे आयुष्य त्याने स्वतःला बांधून घेतले; मन्नाने सुरुवातीपासून स्वतःला बांधून घेतले होते. दोघांच्या पायांखालची माती निराळी, पण दोघांनीही आपली जागा सोडली नाही.

१९७३ साली चार्लटनने बूट खुंटीला टांगले. त्या वर्षीच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही, आणि लीड्स दुसऱ्या विभागातल्या संडरलँडकडून हरले. पुढे तो मिडल्सब्रोचा व्यवस्थापक झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने तो संघ पहिल्या विभागात चढवला. १९८६ पासून जवळपास दहा वर्षे त्याने आयर्लंडचा राष्ट्रीय संघ सांभाळला. त्या संघाने १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडलाच १-० असे हरवले आणि १९९० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच १९८८ साली अॅशिंग्टनची खाण बंद पडली. जिच्यावर ते गाव उभे राहिले होते, ती.

१० जुलै २०२० रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. लीड्सच्या एलंड रोड मैदानावर उमेदवारीच्या वर्षी ज्या पायऱ्या त्याने झाडल्या, त्या आता तेथे नाहीत. १९९० च्या दशकात पूर्वेच्या बाजूस नवा, प्रचंड सज्जा उभा राहिला. त्याच्या मृत्यूनंतर क्लबाने त्या सज्ज्याला जॅक चार्लटनचे नाव दिले.